झाकणातलं मीठ

अहो, इंजिनात मीठ नव्हतं. पुण्याच्या लॅबचा रिपोर्ट आला. तुम्ही काढून ठेवलेल्या त्याच तेलाचा, शेडमधल्या त्याच डब्यातला. लोखंड ठीक, तांबं ठीक, शिसं जरा वर, आणि सोडियम नावापुरतं. तुम्ही असता तर चष्मा कपाळावर सरकवून तो आकडा पुन्हा पुन्हा वाचला असतात, मग मला हाक मारली असतीत. आता वाचायला मी एकटीच होते. वाचला आणि मोबाईल पदराखाली झाकला.

तुम्ही गेल्यावर समाचाराला आलेला प्रत्येक माणूस शेडकडे बघत होता. लाकडी ठोकळ्यांवर चढवलेली अँबॅसिडर, चाकं काढलेली. कोणीतरी म्हणालं, गाडीच्या तेलाची तपासणी करणाऱ्या माणसाने स्वतःची तेवढी केली नाही. सगळ्यांनी माना हलवल्या, मीही हलवली. खोटं होतं ते. तुम्ही साखर बघत होतात, रक्तदाब बघत होतात, डॉक्टरांना कंटाळा येईपर्यंत प्रश्न विचारत होतात. तुमच्या हृदयाने आधी काहीच कळवलं नाही, एवढंच. तेवढं एक वाक्य तुमच्या बाजूने बोलायचं होतं मला, तेही बोलले नाही. अलीकडे माझं असंच होतंय. बोलायची वेळ आली की मी मान हलवते.

तेल तपासायची ही सवय तुमची जयगड बंदरातली. टगबोटीवर इंजिन सांभाळत होतात तेव्हा दर खेपेला तेलाची बाटली भरून पाठवायची आणि उत्तर आल्याशिवाय पान्याला हात लावायचा नाही. निवृत्त झालात, पावसच्या डॉक्टरांच्या शेडमधून ही मार्क टू अँबॅसिडर घेऊन आलात. तिच्या मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालत होत्या. गाडी दारात उभी राहिली तेव्हा मी आधी पिसं झाडली आणि मग तुमच्यावर तोंड सोडलं. ज्याने त्याने सल्ला दिला, इंजिन खोला, आत काय आहे ते बघा. तुम्ही ऐकतच नव्हतात. "पोटात दुखलं म्हणून कोण लगेच पोट फाडतो काय गो? आधी रक्त बघतात." आणि तेलाची बाटली पुण्याला गेली.

पहिला रिपोर्ट तुम्ही मला वाचून दाखवलात तो दिवस आठवतो. मी कोकमाचे रातांबे फोडत होते, हात कोपरापर्यंत लाल. तुम्ही समोर उकिडवे बसलात आणि शाळेतल्या मुलाला शिकवावं तसं शिकवलंत. लोखंड वाढलं तर सिलिंडर झिजतोय. तांबं नि शिसं वाढलं तर बेअरिंग. सिलिकॉन म्हणजे धूळ. "सिलिकॉन बघ किती! ही आपली लाल माती. ही आत जाते कुठनं?" मग अर्धा दिवस शोधून एअर फिल्टरच्या रबरी नळीला गेलेली केसाएवढी चीर तुम्ही काढलीत आणि ती मला दाखवायला धावत आलात. इंजिनाचा एक स्क्रू न उघडता. मी म्हटलं, एवढं बारीक माझ्याकडे कधी बघितलंत का? तुम्ही हसलात आणि माझ्या हातातला रातांबा घेऊन तोंडात टाकलात. तोंड आंबट करून उभे राहिलात तसेच.

तेल काढायच्या आधी ते गरम व्हायला हवं, फिरलेलं हवं, हे तुमचं ठरलेलं. थंड तेलात गाळ खाली बसतो. "बसलेल्या तेलाला काय विचारणार, ते काय सांगणार?" त्यामुळे बाटली भरायच्या दिवशी आपण गाडीतून निघायचो. पावस मागे टाकून पूर्णगडच्या पुलापर्यंत. तुमचं मूळ गाव पलीकडच्या अंगाला दिसायचं, खाडीत होड्या, किल्ल्याची भिंत. तुम्ही गाडी बाजूला घ्यायचात, इंजिन चालूच ठेवून. मी कागदातली भजी काढायची. सगळ्या संसारात तुम्ही मला कधी "चल, फिरायला जाऊया" म्हणाला नाहीत. म्हणायचात, "चल, तेल गरम करून आणूया." मला कळायचं. मी मुद्दाम वेळ लावून साडी बदलायचे आणि तुम्ही हॉर्न वाजवायचात. त्या हॉर्नसाठी मी तुमची किती ऋणी आहे, ते बोलून दाखवायचं राहिलं.

आता पुढचं सांगायला हवं.

दिवाळीत आपला दत्ता मुंबईहून आला होता. त्याच्या मित्राच्या, संदेशच्या लग्नाआधीचे फोटो काढायचे म्हणून त्याने गाडी मागितली. तुम्ही किल्ली दिलीत, वर शंभर सूचना दिल्यात. संध्याकाळी गाडी परत आली ती धुऊनपुसून, चकचकीत. तुम्ही तिच्याभोवती एक फेरी मारलीत आणि म्हणालात, "आज लेकाला बरी अक्कल आली." दत्ता हसला नाही, हे माझ्या तेव्हाच लक्षात आलं होतं. मी विचारलं नाही.

तो गेल्यावर तुम्ही बाटली भरायला घेतली. लॅबच्या बाटल्या संपलेल्या, मागवलेल्या अजून कुरिअरने आल्या नव्हत्या. शेडमधून तुमची हाक आली. "एक बाटली दे गो, बारीक, पण एकदम स्वच्छ नि कोरडी." फडताळावर माझ्या पालथ्या घातलेल्या बाटल्या होत्या, गिऱ्हाइकाला नमुना द्यायच्या. त्यातली एक उचलली आणि दिली. एवढंच केलं मी. चुलीवर आमटी होती, मी परत आत गेले.

रिपोर्ट आला तेव्हा तुम्ही जेवत होतात. हात धुतलात, मोबाईल घेतलात आणि तुमचा चेहराच उतरला. सोडियम कितीतरी पटीने चढलेलं, पाण्याचाही अंश. तुम्ही एकच शब्द बोललात. "समुद्र." दुसऱ्या कोणाच्या डोक्यात आधी दुसरं काही आलं असतं. तुमची उमर टगवर गेली. तिथे तेलात मीठ निघालं की कुठूनतरी समुद्र आत शिरला, एवढाच त्याचा अर्थ. आपल्या रेडिएटरमध्ये विहिरीचं गोडं पाणी. मग मीठ आलं कुठून? गाडी पाण्यात गेली. आणि गाडी नेली होती एकट्या दत्ताने.

तरी तुम्ही आधी मला विचारलं होतंत. त्याला फोन लावायच्या आधी. "बाटली कशाची होती गो? हिच्यात आधी काय होतं?"

अहो, मी काय भडकले! आगळावर माझं नाव आहे या गावात. रातांब्याच्या सालींना मीठ लावून सुटलेला रस सगळेच काढतात, पण माझ्या बाटलीला कधी बुरशी आली नाही, कधी कोणी परत आणून दिली नाही. लोक मुंबईला घेऊन जातात. आणि तुम्ही माझ्या बाटलीवर बोट ठेवलंत, असं मला वाटलं. "काही नव्हतं," मी म्हटलं. "धुतलेली, उन्हात वाळवलेली बाटली दिली तुमच्या त्या काळ्या तेलाला, आता तीच नडली काय?" आणखीही बोलले. तुमच्या डब्यांनी, चिंध्यांनी घर कसं घाण झालंय तेही त्यात आलं. तुम्ही ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "बरं. तू म्हणतेस म्हणजे नसेल."

तुम्हीच मला सांगितलेला नियम होता. रिपोर्ट विचित्र आला तर पान्याला हात लावायचा नाही, आधी दुसरी बाटली भरून पाठवायची. जयगडला तुम्ही तो कधी मोडला नसणार. इथे मोडलात, कारण दुसरी बाटली पाठवणं म्हणजे माझ्यावर अविश्वास दाखवणं झालं असतं, आणि मी दोन दिवस तोंड फुगवून बसले असते. मला ठाऊक आहे हे, कारण मी खरंच बसले असते. राग येतो मला तुमचा. एवढ्या चिकित्सक माणसाने बायकोच्या धाकाने पडतं घ्यायचं, आणि तेही नेमकं तेव्हा! इतकी वर्षं माझ्या मिठामसाल्याला नावं ठेवताना कुठे गेला होता हा धाक?

मग दत्ताला फोन. तुम्ही तो स्पीकरवर टाकलात, मी समोर होते.

"गाडी समुद्रात घातलीस?"

"नाय बाबा. भाट्याच्या किनाऱ्यावर गेलोच नाय आम्ही. थिबा पॉइंटला काढले फोटो."

"खोटं बोलू नको. तेल खोटं बोलत नाय."

तो म्हणाला, "माझ्यापेक्षा तेलावर विश्वास हाय तुमचा?"

"हाय," तुम्ही म्हणालात आणि फोन ठेवलात.

मी आई होते, मधे पडायला हवं होतं. पण मधे पडले असते तर बाटलीचा विषय परत निघाला असता. मी ताटं उचलली.

तुम्ही तेल काढून टाकलंत, इंजिन आतून धुऊन घेतलंत, गाडी ठोकळ्यांवर चढवलीत. काढलेलं तेल पत्र्याच्या डब्यात भरून झाकण घट्ट लावलंत आणि वर पट्टी चिकटवून मार्करने लिहिलंत, "समुद्र". म्हणालात, उन्हाळ्यात खोलूया, बेअरिंगं खाल्ली असतील मिठाने. ज्या इंजिनाला तुम्ही इतकी वर्षं हात लावू दिला नव्हतात, ते खोलायची भाषा तुमच्या तोंडून ऐकताना मला कसंतरीच झालं. शिमग्याला दत्ता आला नाही. पालखी दारात आली, तुम्ही नारळ दिलात, हात जोडून नेहमीपेक्षा जास्त वेळ उभे राहिलात. गाऱ्हाण्यात लेकाचं नाव घेतलंत की नाही, मला ऐकू आलं नाही. आणि मग चैत्रातल्या एका सकाळी चहाचा कप खाली ठेवलात आणि खाटेवर कलंडलात.

दत्ता आला, तुम्हाला अग्नी दिला, दिवस घातले, सगळं रीतीने केलं. रडला मात्र नाही. मधूनच शेडमध्ये जाऊन बॉनेटवर हात ठेवून उभा राहायचा. मला वाटायचं, तुमची आठवण काढतोय.

तेरावं झाल्यावर शेजारच्या शेवंतीने रातांब्यांची टोपली आणून ठेवली. माझं मन नव्हतं, पण फळ थांबत नाही. मी बाटल्या काढल्या, झाकणं धुवायला घेतली. एका झाकणाच्या आत प्लास्टिकची पातळ चकती असते ना, गळू नये म्हणून बसवलेली, ती अंगठ्याखाली सुटली. खाली मिठाचा थर होता. गुलाबी, ओलसर, नखाने खरवडला तर कपची निघाली. मी जिभेला लावून बघितली. मग दुसरं झाकण उचकटलं, तिसरं उचकटलं. सगळ्यांत तेच. वर्षानुवर्षं मी बाटल्या घासत होते आणि झाकणांवरून नुसता हात फिरवत होते. तेल भरून हलत-डुलत पुण्यापर्यंत गेलेल्या बाटलीत समुद्र कुठून शिरला, ते माझ्या हातात होतं.

आणि मी काय केलं, माहिती आहे? कोणी बघत असल्यासारखी घाईघाईने ती झाकणं धुऊन टाकली. दत्ता आत बॅग भरत होता. चार पावलांवर. मी त्याला काही सांगितलं नाही. जेवायला वाढलं, सुके बोंबील बांधून दिले, आणि वर त्याच्या पिशवीत आगळाची बाटली घातली. तो वाकून पाया पडला. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि त्याला मुंबईच्या गाडीत बसवून आले. तुमच्या फोटोकडे त्या दिवशी मी दिवा लावतानासुद्धा बघितलं नाही.

त्याच आठवड्यात तुमच्या मोबाईलवरून लॅबला फोन केला. पलीकडे तीच मुलगी, तुमच्याशी नेहमी बोलायची ती. नंबर ओळखून म्हणाली, "सर कसे आहेत?" मी म्हटलं, "बरे आहेत." का म्हटलं, मलाही कळलं नाही. बहुतेक, तुम्ही गेलात असं सांगितलं असतं तर ती चार शब्द गोड बोलली असती, आणि ते ऐकून घ्यायची माझी लायकी नव्हती. तिने सांगितलं, डबा भरपूर हलवा, नवीन बाटली घ्या, न धुता. मागवलेल्या बाटल्या तुमच्या फळीवर तशाच बांधलेल्या होत्या. मी तेल भरलं. हात काळे झाले, धार चुकली नाही. इतकी वर्षं शेजारी उभी राहून तेवढं आलं मला.

यापुढचं सांगायला लाज वाटते, पण सांगते. रिपोर्टची वाट बघत होते तेव्हा मला मीठ निघायला हवं होतं. देवापुढे हात जोडून मी मनात तेच मागत होते. मीठ निघालं असतं तर दोष दत्ताचा, समुद्राचा, नशिबाचा. माझी बाटली सुटली असती. पोटच्या पोरावर दोष जावा म्हणून मी दिवा लावत होते. तुम्ही गेल्यावर मला रडू आलं, पण तुम्ही हे बघायला नाही म्हणून एक क्षण बरंही वाटलं. इतकी खालची पायरी मी गाठली.

मीठ निघालं नाही. खाली त्या मुलीने चार ओळी लिहिल्या होत्या. सरांना सांगा, मागच्या वेळचं सॅम्पल बाहेरून खराब झालेलं दिसतंय, बाटली कुठली होती ते बघा.

दत्ताला फोन केला, नुसतं "ये" म्हटलं. शनिवारी आला. मी त्याला शेडमध्ये नेलं, एक झाकण मुद्दाम न धुता ठेवलं होतं ते त्याच्या हातावर ठेवलं आणि चकती उचकटून दाखवली. सगळं सांगितलं. बाटली, तुम्ही विचारलेला प्रश्न, मी दिलेलं उत्तर. बोलताना मी त्याच्याकडे बघत नव्हते, डब्यावरच्या तुमच्या अक्षराकडे बघत होते. मला वाटलं, आता हा चिडेल. चिडायलाच हवा होता.

तो म्हणाला, "म्हणजे इंजिन माझ्यामुळे नाय गेलं?"

"इंजिन गेलेलंच नाही रे."

तो खाली बसला, तिथेच, ठोकळ्याला टेकून. "आई, मी नेली होती गो गाडी भाट्याला. ओल्या वाळूवर. संदेश म्हणाला फोटो बरा येईल. एक लाट आली ती चाकांना लागली, मी लगेच मागे घेतली. घरी यायच्या आधी धुतली. बाबांनी विचारलंनी तेव्हा नाय म्हटलं, आणि मग माघार घेता आली नाय. रिपोर्टात मीठ आलं म्हणजे माझंच ते, असंच धरून चाललो होतो." मग म्हणाला, "अग्नी देताना पण तेच डोक्यात. बाबांचं इंजिन मी मारलं आणि त्याच धसक्याने ते गेले."

तेव्हा तो रडला. तुमच्यासाठी रडायचं राहिलं होतं ते. आणि मी उभी होते. हे ओझं डोक्यावर असताना मी त्याला आगळाची बाटली देऊन गाडीत बसवलं होतं, बोंबील बांधून दिले होते. माझ्या तोंडून एक शब्द निघाला असता तर तो बिचारा तेव्हाच मोकळा झाला असता. त्याच्या खांद्यावर हात ठेवावा असं फार वाटलं. शेवटी ठेवला, पण चोरासारखा.

तुम्ही त्याला खोटारडा म्हणालात, ते बरोबर होतं. इंजिनाबद्दल मात्र चुकलात, आणि माझ्याबद्दलही. तो खोटं बोलला ते तुमच्या भीतीने. मी बोलले ते माझ्या तोऱ्यात, आणि तुम्ही विश्वास टाकलात तो माझ्यावर.

रविवारी त्याने चाकं बसवली, ठोकळे काढले, नवं तेल घातलं. बॅटरी चार्ज करून आणली. किल्ली फिरवली तर आधी नुसतीच कुरकुर, मग एकदम धरलं तिने. तुम्ही करायचात तसा त्याने मडगार्डवर हात ठेवला आणि ऐकत राहिला. अगदी तुमच्यासारखी मान वाकडी करून. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "चल गो, तेल गरम करून आणूया."

मी साडी बदलायला वेळ लावला नाही. पूर्णगडच्या पुलाजवळ त्याने गाडी बाजूला घेतली, इंजिन चालूच ठेवलं. भजी नव्हती. खाडीकडे बघत तो म्हणाला, "बाबांना आता कोण सांगणार?" मी म्हटलं, मी सांगते. सांगायचं माझंच आहे. घरी आल्यावर लॅबच्या नव्या बाटलीत गरम तेल भरलं, उद्या कुरिअरने जाईल, आणि मी हे लिहायला बसले.

तुम्ही विचारलं होतंत, हिच्यात आधी काय होतं.

आगळ होतं हो.